आक्काचा पाय

आक्काने आयुष्यात एकदाही गाडी चालवली नाही, पण ड्रायव्हरच्या सीटवर ती जितकी बसली तितका एखादा पोटापाण्याचा ड्रायव्हरही बसला नसेल. एकतीस वर्षं. तिच्या धाकट्या भावाची, मिस्त्रीची, ब्रेकची शेड होती. फक्त ब्रेक. इंजिन, गिअर, रंग यातलं काही तो हाती घेत नसे. "चालवणारे पुष्कळ असतात, थांबवणारा एखादाच असतो," असं तो गिऱ्हाइकांना ऐकवायचा, आणि हे वाक्य आपलंच आहे असं त्याला मनापासून वाटायचं. मुळात ते आक्काचं होतं.

सव्विसाव्या वर्षी नवरा वारला तेव्हा ती भावाकडे चार दिवस राहायला आली. ते चार दिवस अजून संपले नव्हते. शेड तेव्हा नवी होती, पत्र्याची, घराच्या भिंतीला टेकलेली. पगार देऊन माणूस ठेवण्याची ऐपत नव्हती, आणि ब्रेकचं एक काम असं आहे की ते एकट्याला जमत नाही. नळ्यांत हवा शिरली की पेडल मऊ पडतं आणि गाडी थांबायला कुरकुर करते. ती हवा काढायला एक माणूस गाडीखाली लागतं, चाकामागच्या निपलला पाना लावून, आणि एक वर, पेडलवर पाय ठेवून. खालून मिस्त्री ओरडायचा, "दाब!" वरून आक्का म्हणायची, "दाबलं." तो निपल सैल करायचा, बुडबुडे आणि थोडं ब्रेक ऑइल बाटलीत उतरायचं, आक्काच्या पायाखालचं पेडल खाली जायचं. निपल आवळला की खालून, "सोड!" वरून, "सोडलं." एका चाकाला असं आठ-दहा वेळा, आणि चाकं चार. तेवढ्या वेळात मांडीवरच्या ताटलीत आक्काचे वाटाणे सोलून व्हायचे. भावजय म्हणायची, "वन्सं, तुमचा उजवा पाय कामावर आणि बाकीच्या तुम्ही रजेवर."

पण शेवटचा शब्द त्या पायाचा असे. हवा काढून झाली की मिस्त्री खालूनच विचारायचा, "कसं आहे?" आक्का पाय अनवाणी ठेवायची. उशीसारखं आहे म्हणाली तर हवा राहिली. चिखलासारखं म्हणाली तर आतलं रबर थकलं. आणि कडक म्हणाली की गाडी गेली. मिस्त्री शेडसमोर दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे गाडी हलवून बघायचा ते केवळ रीत म्हणून. गिऱ्हाइकं त्याला विचारत नसत, आक्काला विचारत. "आक्का, काय म्हणतोय पाय?"

लोकांच्या सीटवर बसून बसून तिला आणखीही काही कळू लागलं होतं. प्रत्येक सीटला तिच्या माणसाचा खळगा पडतो. आक्का त्या खळग्यात बसायची, परक्याच्या कुशीत बसावं तशी, थोडं अंग चोरून. एका माणसाची गाडी वर्षातून दोनदा यायची. एकदा ती त्या सीटवर बसली आणि लगेच उतरली. मिस्त्रीला म्हणाली, "हा माणूस हलका झालाय." मिस्त्री हसला. पुढच्या वेळी ती गाडी घेऊन त्या माणसाचा मुलगा आला.

मागच्या थंडीतली गोष्ट. अंघोळ करून आक्का तिच्या खोलीत आली, केस पुसत वळली, तर न्हाणीघरापासून खाटेपर्यंत फरशीवर लाल ठिपके आले होते, एका ओळीत, पावलापावलाच्या अंतराने. कुणीतरी आपल्या मागोमाग आत आलं, असं तिला पहिल्यांदा वाटलं. तिने दाराआड पाहिलं. खोलीत ती एकटीच होती. मग ती खाटेवर बसली आणि उजवा पाय उचलून मांडीवर घेतला. तळव्यात काचेचा बोटाच्या पेराएवढा तुकडा रुतला होता. तो तिने उपसून काढला. काढतानाही काही वाटलं नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी पायातली काच आपण काढतो आहोत, इतकंच.

तिने फरशी पुसली आणि कुणाला सांगितलं नाही.

का नाही, हे विचारलं असतं तर तिला धड सांगता आलं नसतं. त्या घरात मिस्त्री कमावता होता, भावजय घर चालवत होती. आक्काजवळ एक पाय होता. तो गेल्यावर आक्का म्हणजे जेवणाच्या वेळी लागणारी एक जास्तीची ताटली.

म्हणून तिने पायाचं काम डोळ्यांना दिलं. गुडघा किती खाली गेला ते बघायचं. पेडलच्या रबराची कड कुठे थांबली ते बघायचं. आणि सगळ्यात जास्त कानांना दिलं. खालून येणारा मिस्त्रीचा आवाज तिला पाठ होता. हवा संपत आली की त्याची "दाब" आखूड व्हायची, सुटल्यासारखी. तो आवाज तसा आला की आक्का म्हणायची, "कडक." तो तिच्या पायावर विसंबायचा, ती त्याच्या आवाजावर. मध्ये पेडल होतं, त्याला कुणीच काही विचारत नव्हतं.

नर्सबाईंची निळी गाडी पहिल्यांदा आली तेव्हा उन्हाळा सरत आला होता. नर्सबाई वर डोंगराच्या अंगाला राहायच्या आणि त्यांचे आजारी खाली, गावभर घराघरांत अंथरुणाला खिळलेले. रोज सकाळी सात वळणांचा उतार उतरून त्या खाली यायच्या. बोलक्या बाई. "मिस्त्री, डॅशबोर्डवर एक लाल दिवा माझ्याकडे डोळे वटारून बघतोय. त्याला काय हवंय ते बघा."

त्याला ब्रेक ऑइल हवं होतं. बॉनेटखालच्या पांढऱ्या डबीत ते खुणेच्या खाली गेलं होतं. मिस्त्रीने चाकं काढली. मागच्या उजव्या चाकातला सिलिंडर ओला सापडला. त्याने तो बदलला, डबी भरली, हवा काढली. "कसं आहे?" "कडक." नर्सबाई हात हलवत गेल्या.

नवव्या दिवशी त्या परत आल्या. "मिस्त्री, तुमचं ऑइल पितंय कोण?"

डबी दोन बोटं उतरली होती.

मिस्त्रीने गाडी जॅकवर घेतली. चारही चाकं, सगळे पाइप, रबराच्या नळ्या, एकेक जोड बॅटरीच्या उजेडात पाहिला, पाहिला तिथे बोट फिरवलं. ब्रेक ऑइल लपून राहत नाही. ते वाळत नाही, उडून जात नाही, आणि पडतं तिथला रंग खातं. पण सगळं कोरडं होतं. नवा सिलिंडर तर असा कोरडा की वर धूळ बसली होती. पेडलखालची चटई उचलून पाहिली. कोरडी. शेवटी त्याने पांढरे पुठ्ठे आणून गाडीखाली पुढून मागपर्यंत अंथरले आणि डबीवर खिळ्याने बारीक रेघ मारली.

दोन दिवस पुठ्ठे पांढरेच राहिले. आक्काने सकाळ-संध्याकाळ शंभर-शंभर वेळा पेडल दाबलं. आणि दोन दिवसांनी ऑइल रेघेच्या खाली होतं.

"गेलं कुठं?" मिस्त्री पुठ्ठा उन्हात धरून म्हणाला. त्याने तो उलटा करूनही पाहिला. "एक थेंब नाही. गाडी सगळी आतल्या आत गिळतेय."

"झाकण सैल असेल," भावजय स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली.

"झाकणातून ऑइल वर उडत नाही."

"मग तुमच्या आक्कांनीच प्यायलं असेल. चहा कमी पडतो त्यांना."

आक्का हसली. मिस्त्री हसला नाही. तो तिच्याकडे बघत होता, रागाने नव्हे, हिशेब जुळत नाही अशा नजरेने. "मागच्या वेळी कुठेतरी हवा अडकून राहिली असेल," तो म्हणाला. "ती आता सुटली, म्हणून पातळी उतरली. दुसरं काही सुचत नाही. पण तू तर कडक म्हणाली होतीस."

"होते म्हणाले," आक्का म्हणाली, आणि ताटली घेऊन आत गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी धुकं होतं, या दिवसांत कधी नसतं तसं. मिस्त्री निळ्या गाडीसाठी नळ्या बघायला बाजारात गेला होता. आक्का शेड झाडायला आली. दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थांबली.

शेडची मागची भिंत लाल दिसत होती.

निळी गाडी भिंतीकडे पाठ करून उभी होती. दारं बंद, किल्ली खिळ्याला टांगलेली, शेडमध्ये चिटपाखरू नाही, आणि गाडीचे मागचे दोन्ही ब्रेकलाइट लागलेले. पेडलवर पाय पडल्याशिवाय ते लागत नाहीत, हे आक्काला ठाऊक होतं. एकतीस वर्षं ते तिच्याच पायाने लागत आले होते. ती जागच्या जागी उभी राहिली. धुक्याचा एक पदर दारातून आत आला आणि दिव्यांसमोर येऊन गुलाबी झाला. गाडीतून बारीक आवाज येत होता की काय असं तिला वाटलं, दातांच्या फटीतून कुणी श्वास सोडावा तसा, मग तो थांबला. किंवा तिने ऐकायचं थांबवलं.

झाडू पुढे धरून ती काचेपाशी गेली. आत कुणी नव्हतं. सीटवर नर्सबाईंचा खळगा होता, तेवढाच. पण पेडल पुरतं वर नव्हतं. ते किंचित दबलेलं होतं, एखाद्याने पाय नुसता टेकवून ठेवावा तसं. आक्काने दार उघडलं, वाकून पेडलच्या मागे बोटं घातली आणि ते वर उचललं. ते आलं, पण नाखुशीने, चिकटल्यासारखं. भिंतीवरची लाली गेली.

मिस्त्री आल्यावर तिने सांगितलं. "स्विच सैल झाला असेल," तो म्हणाला आणि त्याने पेडलवरचा स्विच आवळला. त्याला दुसऱ्याच गोष्टीची घाई होती. नर्सबाईंचा फोन आला होता. दुपारी तीनला त्या गाडी न्यायला येणार होत्या. संध्याकाळी घरी जायचं, उद्या सकाळी सात वळणं उतरून खाली एका म्हाताऱ्यांना सुई द्यायची. रोजची सुई, ती चुकवून चालत नव्हतं. "पुन्हा एकदा हवा काढू, डबी भरू आणि देऊ," मिस्त्री म्हणाला. "किती दिवस अडवून ठेवायची?"

हवा काढली. दाब, दाबलं, सोड, सोडलं. आक्का पेडलकडे बघत राहिली. चाकामागून चाक झालं. मिस्त्रीचा आवाज आखूड झाला होता, सुटल्यासारखा. चौथं चाक होईपर्यंत नर्सबाई पोचल्या होत्या, पिशवी सावरत गाडीच्या दारापाशी उभ्या होत्या.

"कसं आहे?" खालून आलं.

आक्काने खाली पाहिलं. तिचा पाय पेडलवर होता. पाच बोटं, निळी शीर, टाचेची भेग. तो तिथे होता, पण घरी नव्हता. उद्या सकाळी या सीटवर ही बाई बसणार होती, आणि पहिल्या वळणावर या पेडलवर पाय ठेवणार होती.

"आक्का, कसं आहे?"

"मला माहीत नाही."

चाकं लावलेल्या पाटीवरून मिस्त्री सरकत गाडीखालून बाहेर आला. "म्हणजे?"

"म्हणजे पाय मेलाय माझा, बाळ्या."

"मेलेले पाय शेडपर्यंत चालत येत नाहीत," तो म्हणाला आणि नर्सबाईंकडे बघून हसला, की बघा, आमची आक्का अशी. नर्सबाई हसल्या नाहीत. त्या खाली बसल्या, आक्काचा पाय हातात घेतला, पिशवीतून एक टोकदार काडी काढली.

"डोळे मिटा, आक्का. टोचलं की सांगा."

आक्काने डोळे मिटले. बराच वेळ गेला. "टोचा ना," ती म्हणाली.

"चार वेळा टोचलंय."

डोळे उघडल्यावर तिला आधी मिस्त्रीचा चेहरा दिसला. "कधीपासून?" त्याने विचारलं.

"थंडीपासून."

"आणि कडक, कडक, ते कोण म्हणत होतं मग?"

"तूच," आक्का म्हणाली. "तुझा आवाज ऐकून मी म्हणायचे."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला आणि तो त्याने उचललाही नाही. भावजय खिडकीत येऊन उभी होती.

"सुईचं मी दुसऱ्या बाईंना सांगते," नर्सबाई म्हणाल्या. "गाडी इथेच राहू दे. आक्का, हात तरी जिवंत आहेत ना?"

ते होते. आक्का खाली उतरली, दाराशी गुडघे टेकले, आणि अर्धी आत वाकून दोन्ही तळहात पेडलवर ठेवले. "चालू कर इंजिन," ती म्हणाली. मिस्त्रीने शेजारच्या बाजूने हात घालून किल्ली फिरवली. तिने अंगाचा भार दिला. पेडल थांबलं. कडक. तळहातांना ते स्वच्छ कळलं आणि सहा महिन्यांनी कळलं म्हणून तिला रडू येऊ लागलं. पण तिने सोडलं नाही. मनात आकडे मोजत ती तशीच राहिली. वीस. तीस.

"जातंय," ती हळूच म्हणाली.

"काय?"

"खाली जातंय. मी ढकलत नाहीये रे. थोडं थोडं. पलीकडून कुणी धरलं होतं आणि ते आता हात काढून घेतंय, तसं."

साठ म्हणेपर्यंत पेडल दोन बोटं उतरलं होतं. तिने हात काढले. ते वर यायला रेंगाळलं, आणि आतून तोच आवाज आला, दातांच्या फटीतून सुटलेला. या वेळी तो तिघांनी ऐकला.

मिस्त्री उठून सरळ बॉनेटकडे गेला. पेडलच्या पलीकडे, बॉनेटखाली, मधल्या पत्र्याला लागून एक काळा गोल डबा असतो, मोठ्या पातेल्याएवढा. तो बूस्टर. पायाचा जोर तो वाढवून पुढच्या मास्टर सिलिंडरला देतो, आणि ऑइल चाकांकडे ढकलतो तो मास्टर सिलिंडर. डबीही त्याच्याच डोक्यावर बसलेली. मिस्त्रीने आरसा खाली धरला. बूस्टरच्या पोटाखाली, जिथे बोट जात नाही आणि बॅटरीचा उजेड पोचत नाही, तिथे काळा रंग फोड येऊन सुटला होता, भाजलेल्या कातडीसारखा.

"आक्का," तो म्हणाला, "स्विच नव्हता तो."

त्याने दोन नट काढले आणि मास्टर सिलिंडर नळ्यांसकट अलगद पुढे ओढला. त्याची मागची बाजू ओली चकाकत होती. बूस्टरला तिथे भोक असतं. तारेला चिंधी गुंडाळून त्याने ती त्या भोकातून आत सोडली. चिंधी बाहेर आली तेव्हा पिळून काढण्याइतकी भिजली होती. दुसरी सोडली. तीही.

मास्टर सिलिंडरचं मागचं रबर गेलं होतं. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की दोन-चार थेंब पुढे चाकांकडे न जाता मागे डब्यात पडायचे. डबा चहूबाजूंनी बंद. आत तळं साचत होतं, तळ्यात बूस्टरचा पडदा फुगत होता, म्हणून पेडल चिकटत होतं आणि रिकाम्या गाडीचे दिवे लागत होते. जोडातून नुसता ओलावा झिरपून पोटाखालचा रंग खात होता, पुठ्ठ्यावर पडायला थेंब बाहेर येतच नव्हता.

"आमच्यात याला आतला रक्तस्राव म्हणतात," नर्सबाई म्हणाल्या. "वरून काही दिसत नाही. माणूस मात्र खाली खाली जातो."

"चाकातला चोर सापडला म्हणून मी घर शोधायचं थांबवलं," मिस्त्री म्हणाला. "घरात दोघं होते." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि राखणीला कुणीच नव्हतं." हे तो कुणाला लागावं म्हणून म्हणाला नव्हता, पण आक्काला ते लागायचं तिथे लागलं.

सुटे भाग दुसऱ्या दिवशी आले. मिस्त्रीने बूस्टर नवा घातला, मास्टर सिलिंडर नवा घातला. सांडलेलं ऑइल साध्या पाण्याने धुऊन काढलं. आता सगळ्या नळ्यांतली हवा नव्याने काढायची होती. तो ड्रायव्हरच्या दारापाशी जाऊन थांबला. आक्का भिंतीला टेकून उभी होती.

"ये," तो म्हणाला. "पाना धर."

"मी?"

"हात जिवंत आहेत म्हणालीस ना? मग चल खाली. मी बसतो वर."

पंचावन्न वर्षांचा भाऊ सत्तावन्न वर्षांच्या बहिणीला पाटीवर निजवून गाडीखाली सरकवत होता, आणि भावजय म्हणत होती, "जपून हो, वन्सं, कोळिष्टकं आहेत," जणू तेवढीच काय ती अडचण. मग वर दार लागलं.

गाडीखाली आक्का पहिल्यांदाच आली होती. वर सगळं काळं, थंड, नाकाला टेकेल इतकं जवळ. माती आणि जुन्या लोखंडाचा वास. मिस्त्रीने शिकवलं तसा तिने पाना निपलला लावला, नळीचं टोक बाटलीत सोडलं.

"दाब," ती म्हणाली. आपला आवाज तिला ओळखू आला नाही.

वरून, विहिरीच्या काठावरून कुणी बोलावं तसं, "दाबलं."

तिने निपल सैल केला. ऑइल आलं, त्यातून बुडबुडे आले, एकामागून एक, आणि बाटलीत वर येऊन फुटले. एकतीस वर्षं ती हेच बाहेर ढकलत आली होती आणि तिने ते आजवर पाहिलं नव्हतं. "सोड." "सोडलं." तिने वर पाहिलं. वर पत्रा होता. खालून वरचं माणूस दिसत नाही. एक आवाज येतो, आणि त्या आवाजावर विसंबून हात पान्याला लावायचा असतो. सहा महिने मिस्त्री इथे असाच पडून होता आणि वरून त्याला त्याचाच आवाज परत येत होता. हात थांबला.

"आक्का?" वरून आलं. "आहेस ना?"

"आहे," ती म्हणाली. "दाब."

चारही चाकं झाल्यावर मिस्त्रीने पेडल धरून ठेवलं. शंभरपर्यंत आकडे मोठ्याने मोजले. पेडल केसभरही हललं नाही. मग नर्सबाई स्वतः गाडी घेऊन उताराच्या पहिल्या वळणापर्यंत जाऊन आल्या, मिस्त्री शेजारी. रेघ मारलेली डबी तीन दिवस पाहिली. रेघ आणि ऑइल एकाच ठिकाणी राहिली. नर्सबाई गेल्या. जाताना आक्काला म्हणाल्या, "सोमवारी डॉक्टरांकडे. मी न्यायला येते. आणि गाडी मीच चालवणार, घाबरू नका."

त्या संध्याकाळी आक्का मिस्त्रीसमोर येऊन बसली. "लिहून घे," ती म्हणाली.

"काय?"

"थंडीपासूनच्या गाड्या. तेवीस आहेत."

तिला गाड्यांचे नंबर माहीत नव्हते, मालकांची नावंही धड नव्हती. तिला सीटा आठवत होत्या. ज्याची सीट एका बाजूला दबली आहे तो जाडा. जिच्या गाडीत कापराचा वास येतो ती. तो, ज्याच्या पेडलचं रबर डावीकडे झिजलंय. ती सांगत गेली आणि मिस्त्री ओळखत गेला, लिहीत गेला. दुसऱ्या सकाळपासून त्याने फोन लावले. काही लोक वैतागले, काही घाबरले, एक जण म्हणाला, "मिस्त्री, धंदा मंदावला का?" पण आले. मिस्त्रीने प्रत्येक पेडल हाताने धरून शंभर मोजले. दोन गाड्यांत हवा निघाली, एकीची नळी चिरत आली होती. बाकीच्या बऱ्या होत्या. बारा दिवसांत बावीस गाड्या झाल्या.

तेविसावी फिक्या हिरव्या रंगाची. सीट अगदी पुढे ओढलेली, मालक ठेंगणा, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचा फोन लागत नव्हता. आक्काला ती गाडी सगळ्यात चांगली आठवत होती. त्या दिवशी मिस्त्रीला ताप होता, आवाज बसला होता. खालून नुसती खरखर येत होती. त्यातून तिला काहीच कळलं नव्हतं, तरी ती "कडक" म्हणाली होती.

शेवटी ती स्वतः मास्तरांच्या घरी गेली, दिवसाउजेडी, रस्ता विचारत. जिना दोन मजल्यांचा होता. दार मास्तरांच्या बायकोने उघडलं. मास्तर आत झोपले होते, हल्ली त्यांना नीट दिसत नाही म्हणून फोनही उचलत नाहीत, असं म्हणाली.

"गाडी कुठाय?" आक्काने विचारलं. "खाली दिसली नाही."

"विकली की. झाले दोन महिने."

"कुणाला?"

"दलाल घेऊन आला होता एका जोडप्याला. लहान मूल होतं सोबत. डोंगराकडचे होते कुठले तरी." बाई आठवू लागली. "नाव काही लक्षात नाही बाई. दलालही आता इथे नसतो. का हो, काही राहिलं होतं का गाडीत?"

आक्का दाराजवळ सरकली. "त्यांनी गाडी नीट पाहिली होती ना, घेताना?" ती म्हणाली. "चालवून? उतारावर?"

"छे, कशाला!" बाईचा चेहरा खुलला, आठवणीने बरं वाटावं तसा. "मी त्यांना म्हटलं, ब्रेक नुकतेच आक्कांच्या पायाखालून गेलेत. हे ऐकल्यावर त्यांनी किल्लीसुद्धा फिरवली नाही. मुलाला मागे बसवलं आणि तशीच घेऊन गेले."